टिपू सुलतान आणि बंदुकीची जुळणी

इ. स. १७५० च्या नोव्हेंबर महिन्याच्या २० तारखेस, बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळी येथे म्हैसूरच्या सैन्यातील एका होतकरू सरदाराला पुत्र झाला. अर्काटचे साधुपुरुष टिपू मस्तान औलिया यांच्या नावावरून त्याचे नाव टिपू ठेवण्यात आले. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, १६ डिसेंबर रोजी, जिंजीजवळच्या छावणीत निजाम नासिरजंग मारला गेला. आणि त्या धामधुमीत या मुलाचा पिता हैदरअली याच्या लोकांनी जी लूट पदरात पाडून घेतली, तीत खजिन्याचे उंट आणि घोडे यांबरोबरच सुमारे पाचशे बंदुका होत्या. हैदरच्या पुढील उत्कर्षाला द्रव्य जसे कारण झाले तशाच या बंदुकाही झाल्या. फ्रेंचांच्या पलटणींतून पळून आलेल्या काही शिपायांना त्याने नोकरीस ठेवले आणि त्यांच्याकडून आपल्या माणसांना नव्या पद्धतीची कवाईत शिकविली. पुत्रजन्म आणि बंदुकांची प्राप्ती यांची सांगड इतिहासात सहसा घातली जात नाही. तशी ती घालण्याचे कारणही नव्हते. पण टिपू सुलतानाच्या आयुष्याकडे त्याच्या कारखान्यांच्या बाजूने पाहू लागले, म्हणजे ही दोन टोके एकाच धाग्याची वाटू लागतात. पित्याने बंदूक लुटून आणली. ती आपल्या घरी घडविण्याचा ध्यास पुत्राने घेतला.

ही बंदूक कोणती, याविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. दक्षिणेत तोड्याची बंदूक दोन शतकांहून अधिक काळ रुळलेली होती. तिची रचना साधी. लोखंडी नळी, लाकडी दस्ता, नळी दस्त्याला बांधून ठेवणाऱ्या वाद्या किंवा पट्ट्या, आणि पेटता तोडा रंजकापर्यंत खाली आणणारा एक आकडा. गावच्या लोहाराने आणि सुताराने मिळून ती करावी, बिघडली तर दुरुस्त करावी. चकमकीच्या बंदुकीचे तसे नव्हते. तिची कळ ही वीसएक लहान तुकड्यांची जुळणी असे. त्यांत गारगोटी धरणारा घोडा, तिचा आघात झेलून ठिणग्या पाडणारी पोलादी झडप, आतली दातेरी चकती, चापाशी जोडलेली अडकण आणि या सर्वांना जोर देणारी स्प्रिंग असे तुकडे येत. स्प्रिंगेला पाणी नीट बसले नाही तर ती मोडे किंवा लुळी पडे. झडप मऊ राहिली तर ठिणगी पडत नसे. यांपैकी एकेक तुकडा पाहून घडविणे चांगल्या कारागिराला अवघड नव्हते. अवघड होती ती जुळणी. एक तुकडा दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी कानस लावून जमवीत न्यायचा, आणि शेवटी सर्वांनी मिळून एकाच क्षणी एकच क्रिया करायची. त्या काळी लंडनपासून लाहोरपर्यंत कोठेही याला दुसरा मार्ग नव्हता. म्हणूनच एका बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीला बसत नसे.

भाषांनी या शस्त्राचा प्रवास आपापल्या परीने नोंदवून ठेवला आहे. मराठी आणि हिंदी यांनी फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द स्वीकारला. मुळात बुंदुक म्हणजे एक लहान गोल कठीण फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. कन्नड आणि तेलुगू भाषांतील तुपाकी आणि तमिळमधील तुप्पाक्कि यांचे नाते मात्र तुर्की तुफेक या शब्दाशी आहे. एकाच म्हैसूरच्या छावणीत, एकाच वस्तूला, दोन दिशांनी आलेली दोन नावे वापरात होती. मराठीतील गारदी हा शब्द तर आणखी निराळ्या मार्गाने, युरोपीय पहारेकऱ्याच्या नावावरून आला. पानिपतावर इब्राहिमखानाच्या निष्ठेने त्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, ती १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाने कायमची पुसली गेली. शस्त्र नवे, ते चालविणारा मनुष्य नवा, आणि त्याच्याविषयीची शंकाही नवी, असा तो काळ होता.

हैदरअली निरक्षर होता. परंतु त्याची स्मरणशक्ती आणि माणसांची पारख विलक्षण होती. मुलाच्या शिक्षणात त्याने काही उणे ठेवले नाही. फारसी आणि धर्मग्रंथ यांसाठी मौलवी, तर घोडेस्वारी आणि शस्त्रविद्या यांसाठी गाझीखान नावाचा अनुभवी सेनानी नेमण्यात आला होता. सोळासतरा वर्षांच्या वयात, इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धात, टिपू मद्रासच्या परिसरापर्यंत धाड घालून आला. त्याचा मराठ्यांशी पहिला मोठा परिचय मात्र पराभवाचा होता. मार्च १७७१ मध्ये मेलकोट्याजवळ चिनकुरळीच्या लढाईत त्रिंबकराव पेठे यांच्या फौजेने हैदरच्या सैन्याची धूळधाण केली. त्या दिवशी सामानसुमान वेळेवर पुढे आणले नाही म्हणून संतापलेल्या पित्याने विशीतल्या पुत्राला सर्वांसमक्ष मारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पलटणीची कवाईत कितीही चांगली असली, तरी पाठीवरचा दारूगोळा वेळेवर पोहोचला नाही तर ती कुचकामी ठरते, हा धडा टिपूला असा मिळाला. पुढे पुरवठा, साठे आणि हिशेब यांविषयी त्याच्या हुकुमांत जी जवळजवळ आजारी वाटावी अशी काळजी दिसते, तिचे एक मूळ येथे शोधता येईल.

बंगळूर हे शहर या कथेत मध्यवर्ती आहे. केंपेगौडाने वसविलेली ही पेठ १६३८ नंतर शहाजी राजांची जहागीर होती, आणि तेव्हापासून तिथे मराठीचा वावर अखंड राहिला. हैदरला हे ठाणे १७५० च्या दशकाच्या अखेरीस जहागीर म्हणून मिळाले. त्याने १७६१ च्या सुमारास तेथील मातीचा कोट दगडी केला आणि पेठेच्या दक्षिणेस एका भक्कम किल्ल्याची उभारणी झाली. स्थान मोक्याचे होते. पूर्वेच्या घाटांतून येणारे मार्ग येथे मिळत. पश्चिमेस मागडीच्या टेकड्यांत लोखंड गाळण्याचा आणि मुशीत पोलाद तयार करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. टिपूच्या मृत्यूनंतर वर्षभराने फ्रान्सिस बुकॅनन या भागातून फिरला, तेव्हा त्याने त्या भट्ट्या, भाते, कोळसा आणि मुशी यांचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. याच भागात वाद्यांच्या तारांसाठी पोलादी तार ओढणारे कारागीर होते. चांगल्या पोलादाची ओळख असलेला, स्प्रिंगेची लवचिकता बोटांना कळणारा कारागीर येथे आयात करावा लागत नव्हता. किल्ल्यात तोफा ओतण्याची जागा होती, त्या कोरण्याचे यंत्र होते आणि शस्त्रागारही होते.

टिपूने राज्यावर आल्यावर गावांची नावे बदलली. त्यात बंगळूरचे दारुस्सुरूर, म्हणजे आनंदाचे निवासस्थान, असे नाव झाले. हैदरने आरंभिलेला तेथील लाकडी राजवाडा टिपूने १७९१ मध्ये पूर्ण करविला. आनंदाच्या निवासस्थानाच्या भिंतीपलीकडे कानशींचा आणि हातोड्यांचा आवाज चालू असे, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नसावे.

७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरच्या परिसरातील छावणीत हैदरचा मृत्यू झाला. तेव्हा टिपू मलबारात लढत होता. इंग्रजांशी चालू असलेले युद्ध त्याने मार्च १७८४ मध्ये मंगळूरच्या तहाने संपविले. त्यानंतरची सहा वर्षे ही त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत रचनात्मक वर्षे होत. त्याच वर्षांत कूर्ग आणि मलबार येथील त्याच्या मोहिमांनी अपार क्लेश निर्माण केले, हजारो माणसे घरादारांतून उपटून नेली गेली, हेही विसरता येत नाही. मराठी वाचकाला नरगुंदचे १७८५ चे प्रकरण ठाऊक आहेच. कारखाने काढणारा टिपू आणि माणसे उपटणारा टिपू असे दोन टिपू नव्हते. मनुष्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसविले की काम होते, ही समजूत दोहोंच्या मुळाशी एकच आहे.

त्याच्या प्रशासनाची भाषिक बाजू भारतीय भाषांच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी अशी आहे. म्हैसूरचे हिशेब कन्नड आणि मराठी या भाषांत ठेवण्याची वहिवाट होती; टिपूने त्यांच्या जोडीला फारसी आणली आणि तिला अग्रस्थान दिले. शृंगेरीच्या स्वामींना मात्र त्याची पत्रे कन्नडात जात. सैन्यासाठी झैनुल आबिदीन शुस्तरी याच्याकडून त्याने फतहुल मुजाहिदीन हा फारसी ग्रंथ लिहवून घेतला. त्यात कवाईत, पलटणींची रचना आणि शस्त्रांचा वापर यांविषयीचे नियम आहेत. पूर्वी फ्रेंच शब्दांत दिले जाणारे कवाईतीचे हुकूम त्याने फारसीत आणले. लष्करी शब्द परका राहिला तर लष्कर परके राहील, असा विचार त्यामागे असावा. वर्षगणना त्याने बदलली आणि मौलुदी सन सुरू केला. त्या सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा प्रघात पाडला. वजने, मापे आणि कोसाचे अंतर यांचीही नवी परिमाणे ठरविली. पाँडिचेरीच्या फ्रेंच गव्हर्नराकडून आलेला वायुभारमापक जुना आणि निकामी आहे हे ओळखून त्याने नवा मागविल्याची नोंद त्याच्या पत्रव्यवहारात आहे. विल्यम कर्कपॅट्रिकने १८११ साली त्या पत्रांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. भाषांतरकाराचा पूर्वग्रह पानोपानी जाणवतो. पण क्षुल्लक तपशिलात हात घालणारा, अधिकाऱ्यांना फैलावर घेणारा आणि प्रत्येक वस्तू कशी चालते हे जाणू पाहणारा सुलतान त्या पूर्वग्रहातूनही दिसतो.

अशा राज्यकर्त्याने चकमकीच्या बंदुकीचे काम कसे हाती घेतले असेल, याची कल्पना त्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या वस्तूंवरून करता येते. युरोपातून आलेल्या बंदुका समोर ठेवून कारागिरांनी प्रथम त्यांची प्रतिकृती केली. त्यांत देशी लोहार होते, काही फ्रेंच कारागीर होते, तसेच सक्तीने कामास लावलेले युद्धकैदीही होते. पुढे प्रतिकृतीची सीमा ओलांडली गेली. घोड्याला वाघाच्या मुखाचा आकार आला. नळीवर आणि कळीवर वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी उमटली. हैदरच्या नावाची अक्षरे चौकटीत बसवून केलेली मुद्रा नळीवर ठोकली जाऊ लागली. राजधानीचे नाव आणि मौलुदी सन सोन्याच्या अक्षरांत कोरले गेले. दुनळी बंदुका झाल्या. एकामागून एक अनेक बार काढू शकणाऱ्या बंदुकीचे प्रयोग झाले. नळीच्या घडणीत देशी लोहाराचे कसब दिसते, कळीच्या घडणीत युरोपीय नमुन्याची शिस्त दिसते. आज या वस्तू प्रामुख्याने इंग्लंडातील संग्रहांत आहेत, आणि त्यांतील काही २०१५ साली लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या. तज्ज्ञांनी त्यांची तारीफ केली आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जी बंदूक सुलतानाच्या हातासाठी घडते, ती उत्तम असतेच. प्रश्न पलटणीतल्या शिपायाच्या बंदुकीचा असतो, आणि ती बंदूक संग्रहालयात जात नाही.

टिपूचे नाव आज बंदुकीशी नव्हे, तर अग्निबाणाशी जोडलेले आहे. ते स्वाभाविक आहे. पेशवाईतील मराठीत ज्यांना नुसते बाण म्हणत, त्या बाणांना म्हैसूरकरांनी लोखंडी नळीचे आवरण दिले. त्यामुळे पल्ला वाढला. १७८० साली पोळिलूरच्या रणांगणावर इंग्रजांनी त्यांचा अनुभव घेतला आणि पुढे वुलिच येथे कॉंग्रीव्हने त्यांच्याच आधारे आपले प्रयोग केले. बंगळूरच्या पेठेतील तारामंडलपेट हे नाव त्या कामाची आठवण देते. शिमोगा जिल्ह्यातील नगर येथील एका जुन्या विहिरीत २०१८ साली असे हजारभर बाण सापडले. पण बाण ही देशी परंपरेची वाढ होती; ती ज्यांची विद्या होती, त्यांनीच तिला पुढे नेले. बंदुकीची कळ ही दुसऱ्याची विद्या होती. तिच्यापुढे टिपू हा शिकाऊ होता, आणि शिकाऊ असण्याची त्याला लाज वाटत नव्हती. हिंदुस्थानातील त्या काळच्या राजांत हा गुण दुर्मिळ होता, असे म्हणण्यास हरकत नाही. अपवाद होते. महादजी शिंदे यांनी द बुआन्याच्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफाबंदुकांचा कारखाना चालविला होता. परंतु महादजींनी ते काम नेमलेल्या माणसावर सोपविले. टिपूने ते स्वतःच्या मनावर घेतले.

शिकण्यासाठी त्याने जगभर माणसे पाठविली. १७८६ मध्ये गुलाम अलीखान आणि त्याचे सहकारी समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलकडे निघाले. त्यांना दिलेल्या हुकूमनाम्यात राजनैतिक बोलण्यांबरोबरच बंदुका, घड्याळे आणि काच करणारे कारागीर सोबत आणण्याची आज्ञा होती. पुढील वर्षी मुहम्मद दरवेशखान, अकबर अलीखान आणि मुहम्मद उस्मानखान असे तिघे वकील पाँडिचेरीहून फ्रान्सकडे रवाना झाले. ते जून १७८८ मध्ये तुलोंला उतरले आणि १० ऑगस्ट रोजी व्हर्सायला सोळाव्या लुईच्या दरबारात त्यांचे स्वागत झाले. पॅरिस त्यांच्या पोशाखावर लुब्ध झाले. त्यांची चित्रे काढली गेली. सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कारखान्यात त्यांना नेण्यात आले. राजकीय मैत्रीची मागणी गोड शब्दांत टाळली गेली. लुईच्या स्वतःच्या तिजोरीत खडखडाट होता आणि वर्षभरात त्याच्या राज्याचा पायाच हादरणार होता. कारागिरांची मागणी मात्र मान्य झाली. १७८९ च्या मे महिन्यात वकील पाँडिचेरीला परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर निरनिराळ्या धंद्यांतले काही फ्रेंच कारागीर होते. त्यांतले काही श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत कामास लागले.

आता याच काळातील पॅरिसच्या दुसऱ्या एका घटनेकडे वळणे भाग आहे. तिचा टिपूशी प्रत्यक्ष संबंध काहीच नाही. पण ती नजरेसमोर नसली, तर टिपूच्या यशापयशाचे माप हाती येत नाही. शहराच्या पूर्वेस व्हँसेन येथे ओनोरे ब्लां नावाचा एक शस्त्रनिर्माता काम करीत होता. बंदुकीच्या कळीचे सर्व तुकडे साचे आणि मापे यांच्या साहाय्याने इतके अचूक घडवायचे, की कोणत्याही कळीचा कोणताही तुकडा दुसऱ्या कोणत्याही कळीत बसावा, असा त्याचा प्रयत्न होता. १७८५ मध्ये पॅरिसमधील अमेरिकेचा वकील टॉमस जेफर्सन त्याच्या कारखान्यात गेला. पन्नास कळींचे तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले होते. जेफर्सन मुत्सद्दी होता, विद्वान होता, पण बंदूक घडविणारा नव्हता. त्याने प्रत्येक कप्प्यातून हाताला येईल तो तुकडा उचलला आणि स्वतः अनेक कळी जुळविल्या. त्या बिनचूक जुळल्या. कानशीची गरज पडली नाही. १७९० साली ब्लांने हाच प्रयोग विज्ञान अकादमीच्या सभासदांसमोर अधिक मोठ्या प्रमाणावर करून दाखविला.

ज्याने कधी हातोडा धरला नाही, अशा नवशिक्याच्या हातून कळ जुळते, याचा अर्थ फार खोल आहे. आतापर्यंत विद्या कारागिराच्या बोटांत राहत होती. ब्लांने ती बोटांतून काढून मापात ठेवली. आज अमेरिकेत एखादा हौशी नवशिक्या रायफलीचे सुटे भाग विकत आणून घरच्या टेबलावर, चार हत्यारांच्या मदतीने, तासाभरात ती उभी करतो. त्याच्या या सोप्या कामामागे दोन शतकांपूर्वीची ही कल्पना आहे. ते कौशल्य त्याचे नसून, ज्याने माप ठरविले त्याचे आहे. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून असे काही करता येत नाही, हे वेगळे.) खुद्द फ्रान्समध्ये ब्लांची पद्धती टिकली नाही. शस्त्रकारांच्या संघटनांना ती आपल्या पोटावरचा पाय वाटली, क्रांतीच्या धामधुमीत तिचे आश्रयदाते गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ती मागे पडली. अमेरिकेत १७९८ साली एली व्हिटनीला दहा हजार बंदुकांचे कंत्राट मिळाले. त्याचा अदलाबदलीचा दावा बऱ्याच अंशी पोकळ होता. खरोखर अदलाबदल होणारे भाग यंत्रांवर तयार होण्यास आणखी पाव शतक जावे लागले. तेव्हा टिपू या बाबतीत मागे पडला असे म्हणताना, त्या वेळी जवळजवळ सर्व जगच मागे होते, हे ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

तरीही एक चुटपुट राहतेच. टिपूच्या वकिलांनी फ्रान्सकडे मागितली ती माणसे. बंदुकीची विद्या म्हणजे बंदूक करणारा मनुष्य, हे त्या काळचे सर्वमान्य गणित होते, आणि ते मांडणारा टिपू एकटा नव्हता. पण वजने, मापे, कोस आणि वर्ष यांना एकाच साच्यात बसवू पाहणारा राज्यकर्ताही तोच होता. माप एक असावे, ते राज्याने ठरवावे आणि सर्वत्र पाळले जावे, ही कल्पना त्याच्या कचेरीत नांदत होती. ती कचेरीतून कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचली नाही. दारुस्सुरूरच्या कारागिराने केलेली कळ त्याच कारागिराच्या कानशीला ओळखत असे. तो कारागीर मेला, पळाला किंवा शत्रूच्या हाती पडला, की ती कळ पोरकी होई.

आणि तसेच घडले. १७९० मध्ये तिसरे युद्ध पेटले. ७ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरची पेठ घेतली आणि २१ तारखेच्या रात्री किल्ल्यावर हल्ला चढविला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. तोफा ओतण्याची जागा, कोरण्याचे यंत्र, शस्त्रे आणि दारू यांसह सर्व काही इंग्रजांच्या हाती गेले. मराठ्यांची फौज या वेळी इंग्रजांच्या बाजूने उत्तरेकडून उतरत होती. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला होता आणि बदरुज्जमानखान तो महिनोन्‌महिने झुंजवीत होता. भाऊंबरोबर असलेल्या इंग्रज तुकडीतील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने त्या वेढ्याचा वृत्तांत लिहिला आहे. एक तोफ डागावी, मग मंडळींनी गुडगुडी ओढीत गप्पा माराव्या, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोफ भरावी, असे मराठी तोफखान्याचे चित्र त्याने रंगविले आहे. त्यात परक्याची टवाळी आहे, हे खरे. पण धारवाड पडायला एप्रिल १७९१ उजाडला, हेही खरे. त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेतील लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि टिपूने मठाच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्य व धान्य पाठविले. मराठी इतिहासलेखनाला हा प्रसंग नेहमीच अवघड गेला आहे. मेच्या अखेरीस परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांची फौज उपासमारीने जर्जर झालेल्या कॉर्नवॉलिसला मेलकोट्याजवळ भेटली, तेव्हा मराठ्यांच्या बाजाराने त्याला तारले. बंदुकीने जे साधले नाही ते बैलांच्या तांड्यांनी साधले.

मार्च १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले. तीन कोटी तीस लक्ष रुपयांची खंडणी बसली. दोन मुलगे ओलीस गेले. बंगळूर परत मिळाले. पण ज्या किल्ल्याने इंग्रजांना अडविले नाही, तो त्याने स्वतःच पाडून टाकला. पुढे दिवाण पूर्णय्यांनी तो पुन्हा दुरुस्त केला. आता सर्व भर श्रीरंगपट्टणवर आला. कारखाने तेथे एकवटले, हुकुमांची संख्या वाढली, कचेऱ्यांची पुनर्रचना झाली. आणि मॉरिशसच्या फ्रेंचांकडे पुन्हा माणसे मागितली गेली. १७९८ च्या एप्रिलमध्ये मंगळूरला उतरली ती शंभराच्या आतबाहेर, भरती केलेली कशीबशी मंडळी. वेलस्लीला युद्धासाठी निमित्त हवे होते, ते एवढ्याने मिळाले.

४ मे १७९९ रोजी दुपारी इंग्रजांनी खिंडारातून श्रीरंगपट्टणात प्रवेश केला. टिपू जेवणावरून उठून तटावर आला. एका आडव्या भिंतीच्या आडून, सेवक भरून देत होते त्या बंदुकांनी, त्याने पुढे येणाऱ्या शिपायांवर एकामागून एक बार काढले. त्या त्याच्या स्वतःच्या बंदुका होत्या. थोड्या वेळाने पाणदरवाजाच्या कमानीत, प्रेतांच्या राशीत, तो मृत सापडला. कानशिलात गोळी शिरली होती.

विजेत्यांनी मोजदाद केली. सर्व मिळून ९२९ तोफा, तोफा ओतण्याचे दोन कारखाने, तोफा आणि बंदुकीच्या नळ्या कोरण्याच्या यंत्रांच्या तीन इमारती, लहान शस्त्रे घडविण्याच्या आणि जुळविण्याच्या अकरा शाळा, चार मोठी शस्त्रागारे. या यादीतील अकरा हा आकडा विशेष बोलका आहे. ओतण्यास दोन आणि कोरण्यास तीन जागा पुरल्या. जुळविण्यास अकरा लागल्या. कानशीने चालणाऱ्या कारखान्याचा खर्च नेमका कोठे होत असे, ते या एका आकड्यात दिसते. तेथील कारागिरांचे पुढे काय झाले हे कोणी मोजले नाही. त्यांतले काही कंपनीने श्रीरंगपट्टणात चालविलेल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात गेले असतील, काही मागडीकडे परतून नांगराचे फाळ करू लागले असतील.

ग्रंथसंग्रहाची मोजदाद मात्र काळजीपूर्वक झाली. सुमारे दोन हजार हस्तलिखिते होती. चार्ल्स स्ट्युअर्टने त्यांची वर्णनात्मक सूची १८०९ मध्ये प्रसिद्ध केली. टिपूने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली स्वप्नांची फारसी वहीही लंडनला गेली. तीत सदतीस स्वप्ने आहेत. इंग्रज शिपायावर झडप घातलेला लाकडी वाघ, ज्याच्या पोटात वाद्य आहे आणि दांडा फिरविला असता जो गुरगुरतो, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. बंदुका सरदारांनी वाटून घेतल्या.

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या परिसरात, बाजाराच्या गजबजाटात, टिपूच्या शस्त्रागाराची म्हणून ओळखली जाणारी एक इमारत अजून उभी आहे. श्रीरंगपट्टणातील दारूचे कोठार रेल्वेच्या दुहेरी मार्गाच्या आड येत होते. ते पाडण्याऐवजी २०१७ साली अखंड उचलून, रुळांवरून सरकवीत, शंभरएक मीटर दूर नेऊन ठेवण्यात आले.